गवताच्या वॅगनवर लपण: हरणांच्या शिकारीसाठी फिरती खोली कशी बांधायची

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबर जवळ आला की ऑफिसात दोनच विषय उरतात, पॅकर्स या इथल्या फुटबॉल संघाचा सामना आणि हरणं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो आणि अर्धं राज्य नारंगी जाकिटं घालून शेताच्या कडेला जाऊन बसतं. नव्याने इथे आलेल्या मराठी माणसाला कुणीतरी सहकारी कधी ना कधी विचारतोच, "येतोस का आमच्या फार्मवर?" ज्यांनी हो म्हटलं आणि पुढे स्वतःची बसायची जागा बांधावी असं ज्यांच्या मनात आलं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. शिकार न करता फक्त कॅमेरा घेऊन बसायचं असेल तरी बांधकाम तेच.

इथलं हरीण म्हणजे व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटीचं. त्याचं नाक आणि कान माणसापेक्षा फारच तिखट, म्हणून लपून बसायला ब्लाइंड लागतो. कुणी झाडावर शिडीची खुर्ची बांधतं, कुणी चार खांबांवर खोकं उभारतं, कुणी तंबूसारखं कापडी लपण वापरतं. आपण बोलणार आहोत ते लपण गवताच्या गाठी वाहायच्या जुन्या चारचाकी वॅगनवर बांधलेलं असतं आणि ट्रॅक्टरने ओढून कुठेही नेता येतं. मका कापला गेला, हरणं शेजारच्या अल्फाल्फा गवताच्या शेतात चरायला लागली, की खांबावरचं खोकं तिथेच रिकामं उभं राहतं आणि वॅगन मात्र दुसऱ्या कडेला जाते. शिवाय शेतात उभी वॅगन हरणं जन्मापासून बघत आलेली असतात.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसू द्या. तुम्ही खोली बांधत नाही आहात, गाडी बांधता आहात. नवखा माणूस खिडक्या-खुर्च्यांपासून सुरुवात करतो आणि चाकांकडे शेवटी बघतो. उलटं करायचं. उंची, वजन, दार, खिळे की स्क्रू, यातला प्रत्येक निर्णय घेताना "हे खडबडीत शेतातून ओढलं तर काय होईल?" हा प्रश्न आधी विचारायचा.

करवत हातात घेण्याआधी

कायद्याचं थोडक्यात, पण हे वगळू नका. एच-वन-बी, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे रीतसर मिळालेला, चालू मुदतीचा शिकार परवाना. म्हणजे परवाना आधी, बंदूक नंतर. "जरा धरून बघ" म्हणून मित्राने हातात दिलेली बंदूकही या भानगडीत येऊ शकते. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा, ऑफिसातल्या जाणकाराला नको.

१ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला विस्कॉन्सिनमध्ये शिकार परवाना काढण्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स केलेला असावा लागतो. अनुभवी माणसाच्या हाताखाली, त्याच्या शेजारी बसून शिकण्याची वेगळी सोय आहे, पण कोर्स कराच. बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी झगझगीत नारंगी किंवा झगझगीत गुलाबी हवा. गुलाबीला मान्यता मिळाली २०१६ मध्ये, आणि ती देणारं हे पहिलंच राज्य. हरणाला नारंगी-लाल रंग मातकट दिसतो, निळा मात्र ठळक दिसतो. म्हणून जीन्स घालून बसू नका. कपडे 'जास्त पांढरे' करणारी पावडरही त्या हंगामापुरती बाजूला ठेवा, कारण तिच्यातली चमक त्याच्या डोळ्यात भरते.

वॅगनशी थेट संबंध असलेला नियम असा, की वाहनातून गोळी झाडण्यावर बहुतेक राज्यांत बंधनं आहेत, आणि ट्रॅक्टरला जोडलेली वॅगन हे वाहनच समजलं जाऊ शकतं. म्हणून जागेवर नेली की ट्रॅक्टर सोडवायचा आणि लांब नेऊन उभा करायचा. हे सोयीचंही आहे आणि सुरक्षितही. त्याखेरीज तुमच्या राज्याच्या शिकार खात्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून वाहनांबद्दलचा भाग वाचा. विस्कॉन्सिनचं खरं ते मिशिगन किंवा मिनेसोटात खरं असेलच असं नाही.

शेत तुमचं नसेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. आणि हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा गावच्या शेतावर अशी गाडी उभी केलीत तर आत फक्त कॅमेराच न्यायचा.

चाकं आणि सांगाडा

वॅगनच्या चाकं-आस-ओढदांडी या खालच्या सांगाड्याला इथे रनिंग गिअर म्हणतात. पुढचा आणि मागचा आस एका लांब नळीने जोडलेला असतो, ती नळी आतबाहेर सरकवून दोन आसांमधलं अंतर बदलता येतं. वर दोन आडवे लोखंडी पाट असतात, त्यांना बोल्स्टर म्हणतात, आणि फळ्यांचा ओटा त्यांच्यावर बसतो. शेतकी लिलावांत असे जुने गिअर नेहमी येतात. गवताच्या गाठींसाठी दुबळे ठरलेले गिअर आपल्याला चालतात, कारण आपलं ओझं गाठींच्या मानाने काहीच नाही. पण दुबळा आणि मोडका यात फरक करायला शिका.

लिलावात बोली लावण्याआधी एकेक चाक जॅकवर उचला. वर-खाली दोन्ही हातांनी धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलंय. ते बदलता येतं, महागही नाही, पण आसाचं टोक झिजलेलं असेल तर सोडून द्या. चाक हाताने फिरवा आणि कान द्या, खरखर ऐकू आली तर वंगण वर्षानुवर्षं भरलेलं नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा बहुतेक जुन्या गिअरवर असतातच. दोरे दिसत असतील तर टायर बदलायची तयारी ठेवा. पुढची चाकं वळवणारे दांडे आणि त्यांचे सांधे बघा. ओढदांडीच्या टोकाचं पिनचं भोक लांबट झालं असेल तर ओढताना वॅगन मागेपुढे धक्के देते. ते वेल्डिंगने नीट होतं. मधल्या नळीला मात्र वेल्डिंगचं ठिगळ दिसलं तर मी तो गिअर घेणार नाही.

दुचाकी ट्रेलर का नको, असं विचाराल. त्याची ओढदांडी सोडली की त्याला पुढे टेकू लागतो आणि माणूस आत हलला की तो झुलतो. चारचाकी वॅगन स्वतःच्या पायावर उभी राहते. तिचा एकच मोठा दुर्गुण आहे, ती मागे घेता येत नाही. ओढदांडीचा एक सांधा, पुढच्या चाकांचा दुसरा, त्यामुळे रिव्हर्स घेताना ती कुठे वळेल हे पिढीजात शेतकऱ्यालाच समजतं. तेव्हा जागा ठरवतानाच अशी ठरवा की एका बाजूने ओढत आत शिरता येईल आणि पुढच्या बाजूने बाहेर पडता येईल.

किती उंच, किती जड

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, म्हणून जरा थांबून हिशोब करू.

वॅगनचा ओटा जमिनीपासून साधारण सव्वातीन-साडेतीन फुटांवर असतो. त्यावर ६ बाय ६ फुटांची, साडेसहा फूट उंचीची खोली बसवली तर एका भिंतीचं क्षेत्रफळ ३९ चौरस फूट भरतं. ताशी ४० मैलांचा वारा अशा भिंतीला जवळपास २०० पौंडांनी रेटतो, आणि तो रेटा जमिनीपासून साडेसहा फुटांवर, म्हणजे भिंतीच्या मध्यावर लागू होतो. गिअर, ओटा आणि खोली मिळून सतराशे पौंड धरले आणि दोन चाकांमधलं अंतर सहा फूट धरलं, तर सपाट जमिनीवर ही गाडी आरामात उभी राहते. पण वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, रेटा चौपट. ताशी ८० मैलांच्या वादळात हीच गाडी उलटण्याच्या काठावर येते, आणि उतारावर त्याच्याही आधी.

आता हीच खोली आणखी सहा फूट उंच चौकटीवर चढवली, तर तोच वारा जवळपास दुप्पट तरफेने ढकलणार आणि गाडी ताशी साठ मैलांच्या आतच कलंडू शकते. ओढताना एक चाक बिळात गेलं तर वाऱ्याचीही गरज नाही. लोक असे मनोरे बांधतात, त्यांचे फोटोही झकास येतात. माझं मत स्पष्ट आहे, पहिली गाडी बांधताय तर ओट्याच्या वर एक इंचही चढू नका. साडेतीन फुटांच्या ओट्यावर खुर्चीत बसलं की डोळे जमिनीपासून साडेसात फुटांवर येतात. दक्षिण-पश्चिम विस्कॉन्सिनच्या टेकड्यांमध्ये वॅगन जरा उंचवट्यावर लावली की एवढं पुरतं.

छपरासह सगळी उंची साडेदहा फुटांच्या आसपास जाते. रस्त्यावर ते चालतं, पण शेतातल्या गोठ्याकडे जाणाऱ्या, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि शेडच्या दाराची चौकट आधी मोजून ठेवा.

ओटा

जुन्या वॅगनवर ओटा आलेलाच असेल तर त्यावर नाचून बघा. कुजकी फळी लगेच आवाज देते. नवा करायचा असेल तर बोल्स्टरवर लांबीच्या दिशेने दोन जाड तुळया, त्यांवर दर दोन फुटांवर आडव्या टू बाय सिक्सच्या (नावाला दोन बाय सहा इंची) पट्ट्या आणि त्यांवर पाऊण इंची प्लायवूड. हे सगळं प्रेशर ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून दाबाखाली औषध मुरवलेलं. आठ फूट रुंद, बारा फूट लांब ओटा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. खोली मागच्या अंगाला, मागे दोन फूट सोडून बसवायची. पुढे, म्हणजे ओढदांडीच्या बाजूला, चार फुटांचा व्हरांडा उरतो. दार त्या व्हरांड्यात उघडतं. दोन्ही अंगांना एकेक फुटाचा कट्टा राहतो, त्यावर पुढे दोर आणि पट्टे बांधायचे आहेत.

या मांडणीत एक सोय आपोआप होते. ओढत आणून ओढदांडी शेताच्या बाहेरच्या बाजूला ठेवून उभी केली की मागची भिंत शेताकडे येते, दार आडबाजूला राहतं, आणि हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर जोडून सरळ पुढे निघायचं.

ओटा आणि तुळया नट-बोल्टने जोडा, मोठे वॉशर लावून. पहिल्यांदा शेतातून ओढून आणल्यावर पाना घेऊन एकेक बोल्ट पुन्हा आवळायचा, नवं लाकूड सुकून आकसतं तेव्हा हे दोनदा करावं लागतं.

भिंती आणि छप्पर

चारही भिंती जमिनीवर आडव्या ठेवून बांधा आणि मग उभ्या करा. टू बाय फोरची चौकट, उभे दांडे दोन-दोन फुटांवर, बाहेरून ३/८ इंची एक्स्टिरियर प्लायवूड. जाड प्लायवूड लावायचा मोह होईल, लावू नका. वरचं प्रत्येक पौंड गाडीचा तोल वर नेतं. कोपरे बोल्टने जोडले तर उद्या खोली उतरवून वॅगन पुन्हा गवतासाठी वापरता येते. शेतमालकाला हे ऐकून बरं वाटतं.

खिळे नकोत. खिळा ओढाओढीत सैल होतो, आणि सैल खिळा लाकडात कुरकुरतो. नेमका पहाटेच्या शांततेत, तुम्ही वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलंत की. स्क्रू आणि सांध्यात कन्स्ट्रक्शनचा गोंद, दोन्ही लावा.

छपराला दारापासून मागे किंवा मागून दाराकडे सहा इंचांचा उतार. मी उतार दाराकडे नको म्हणेन, पागोळ्या नेमक्या मानेवर पडतात. नालीदार पत्रा हलका असतो, पण पावसात ढोल वाजतो. त्याखाली पातळ फोमची शीट लावली की आवाजही जातो आणि पत्र्याला आतून सुटणारा घामही थांबतो. छपराच्या कडा भिंतीबाहेर सहा इंचांपेक्षा जास्त काढू नका, वारा त्याला खालून पकडतो.

दाराची बिजागरी मजबूत आणि कडी लाकडी, मधल्या स्क्रूवर फिरणारा साधा ठोकळा. लोखंडी कडीचा टक्क आवाज शंभर यार्डांवर ऐकू जातो. ओढताना मात्र या ठोकळ्यावर विसंबू नका, बाहेरून एक पट्टा आवळून बांधा.

खिडक्या, म्हणजे खरं काम

खिडकी कापण्याआधी खोलीत खुर्ची ठेवा, बसा, हातात झाडूचा दांडा घ्या आणि शेताकडे रोखा. तुमचा कोपर, तुमची मान, तुमची खुर्ची. दुसऱ्याच्या मापाचा उपयोग नाही. साधारण अठरा इंची खुर्चीसाठी खिडकीची खालची कड खोलीच्या जमिनीपासून ३६ इंचांच्या आसपास येते. उंची १२ ते १४ इंच, रुंदी २४ ते ३० इंच पुरते. मोठी खिडकी म्हणजे जास्त उजेड आत, आणि आत उजेड म्हणजे हरणाला तुमची हालचाल दिसणार. धनुष्य वापरणार असाल तर खिडकी आडवी नको, उभी हवी, फूटभर रुंद आणि अडीच-तीन फूट उंच. छताची उंचीही धनुष्य ओढून तपासा, वरचं टोक तुळईला लागता कामा नये.

आता एक बारकावा, जो नवख्याला कुणी सांगत नाही. रायफलवरची दुर्बीण नळीच्या दीड-दोन इंच वर बसलेली असते. खिडकीच्या कडेवरून खाली नेम धरला तर दुर्बिणीतून हरीण स्वच्छ दिसतं, आणि नळीचं तोंड मात्र समोरच्या लाकडी कडेकडे असतं. गोळी लाकडात जाते, चिरफळ्या तोंडावर येतात. म्हणून नेम धरताना नळीचं टोक नेहमी खिडकीच्या बाहेर असलं पाहिजे. आत ठेवून बार काढला तर एवढ्याशा खोलीत कानाचे पडदेही सहन करणार नाहीत. कानात बोळे घालायचेच.

खिडक्यांची झाकणं वर बिजागरी लावून आत उघडणारी करा, छताला एक हुक, झाकणाला एक कडी. चौकटीवर फेल्टची पट्टी चिकटवली की लाकूड लाकडावर आपटत नाही. पारदर्शक अॅक्रिलिक लावायचं असेल तर लावा, पण थंडीत दोन माणसांच्या श्वासाने ते दहा मिनिटांत धुरकट होतं.

आतून सगळं काळं रंगवा, छतासह. मॅट काळा. आणि बसल्यावर एकाच बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवा. समोरासमोरच्या दोन्ही उघडल्या तर मागच्या उजेडावर तुमची आकृती कोरल्यासारखी दिसते. बाहेरचा रंग मातकट, राखाडी, काहीही चालेल. पानाफुलांचं कॅमोफ्लाज काढत बसण्यात वेळ घालवू नका, वॅगन वॅगनसारखी दिसली तर उलट चांगलं. जमिनीवर जुनं कार्पेट किंवा गोठ्यातला रबरी मॅट टाकला की बुटांचा आवाज मरतो.

गरम कसं राहायचं

नोव्हेंबरच्या शेवटी सकाळी पारा सहज शून्य सेल्सिअसच्या खाली असतो आणि तुम्ही तासन्‌तास हलणार नाही. प्रोपेनचा छोटा हीटर लोक नेतात. नेणार असाल तर घरात वापरण्यासाठी बनवलेला, ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होणारा घ्या, आणि कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म न चुकता लावा. या वायूला वास नाही, रंग नाही, झोप मात्र येते. भिंतीत जमिनीजवळ एक आणि छताजवळ एक, असे दोन झरोके ठेवा, ते कधीही बुजवू नका. बाकी, लोकरीचे मोजे आणि थर्मासमधला आल्याचा चहा. चहाच्या वासाने हरीण येणार नाही असं इथले जुने शिकारी म्हणतात. वारा बरोबर असेल तर येतं.

ओढून नेणं

शेतात वेग चालण्याइतका किंवा जरा जास्त, बस. पिनला क्लिप, शिवाय सुरक्षा साखळी. आत खुर्च्या बांधून ठेवा, खिडक्या बंद, दाराला पट्टा. कुणीही आत किंवा ओट्यावर बसून यायचं नाही, पोरांना तर बिलकूल नाही. उतारावर आडवं न्यायचं नाही, सरळ वर किंवा सरळ खाली. ओहोळातून नेताना आधी खाली उतरून पायी चालत जागा बघा.

सार्वजनिक रस्ता ओलांडायचा किंवा त्यावरून थोडं जायचं असेल तर मागे नारंगी त्रिकोण हवा, ताशी २५ मैल किंवा त्यापेक्षा हळू चालणाऱ्या वाहनांची ती खूण आहे. दिवसाउजेडीच न्या.

जागा आणि वारा

हंगामाआधी, हिरवं असतानाच, शेतात दोन-तीन ठिकाणं ठरवून ठेवा. वाऱ्याच्या वेगवेगळ्या दिशांसाठी एकेक. इथे हंगामात वारा बरेचदा पश्चिम किंवा वायव्येकडून असतो, तेव्हा हरणं जिथून येतील ती रानाची कड तुमच्या पश्चिमेला असेल तर त्यांचा वास तुमच्याकडे येतो, तुमचा त्यांच्याकडे जात नाही. पूर्वेला तोंड करून पहाटे बसलात तर सूर्य डोळ्यात. दोन्ही जमत नसेल तर वारा सांभाळा, सूर्यासाठी टोपी आहे.

गोळी जिथे जाईल त्याच्या मागे माती हवी. टेकडीचा उतार, बांध, काहीतरी. माथ्यावर उभं हरीण आणि मागे नुसतं आकाश, असा नेम कधीच धरायचा नाही. घर, गोठा, रस्ता, शेजाऱ्याचं दुसरं लपण, हे सगळं कुठे आहे ते खिडकीच्या आतल्या चौकटीवर खडूने लिहून ठेवा. अंधूक उजेडात दिशेचा घोटाळा होतो.

गाडी ऑगस्टपर्यंत बांधून व्हायला हवी. ट्रीटेड लाकूड आणि ताजा रंग यांचा वास उडायला आठवडे लागतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला पहिल्या जागी नेऊन सोडा आणि खिडक्या उघड्या ठेवा, म्हणजे काळे चौकोन हरणांच्या ओळखीचे होतात. इथे हरणांचा माज नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतो, तोवर गाडी त्यांच्या हिशोबात शेताचा भाग झालेली असली पाहिजे. हंगामात हलवायची झाली तर भर दुपारी, ट्रॅक्टरने, उघडपणे हलवा. शेतातल्या ट्रॅक्टरला हरणं घाबरत नाहीत, चोरपावलांनी चालणाऱ्या माणसाला घाबरतात.

मका टाकून हरणं बोलवायची कल्पना सुचेल. विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आढळतो, मेंदू पोखरणारा आणि उपाय नसलेला रोग. तो एकत्र खाण्याने पसरू नये म्हणून अनेक काउंटींमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) असं आमिष टाकायला बंदी आहे. तुमची काउंटी कुठली ते बघा आणि मका शेतातच राहू द्या.

उभी करणं

सखल बाजूच्या चाकाखाली फळी टाकून त्यावर वॅगन चढवा आणि ओट्यावर पाणसळ ठेवून बघा. मग चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे. टायर हवेचे असल्याने आत माणूस हलला की खोली डुलते, दुर्बिणीत ते फार जाणवतं. म्हणून ओट्याच्या चार कोपऱ्यांखाली स्क्रू जॅक लावून वजन थोडं उचलून घ्यायचं. जॅकखाली रुंद फळीचा तुकडा, नाहीतर तो ओल्या मातीत रुतत जातो. शेवटी चार कोपऱ्यांशी मळसूत्री आकडे जमिनीत फिरवून रोवा आणि ओट्याच्या कट्ट्यापासून त्यांना रॅचेट पट्टे (खटक्याने आवळले जाणारे) आवळा. वरच्या हिशोबातलं वादळ यासाठीच सांगितलं.

चढायला तीन रुंद पायऱ्यांची सुटी शिडी, एका बाजूला कठडा, पायरीवर वाळू टाकलेला रंग. शिकारीच्या दुखापतींमध्ये चढता-उतरताना पडणं हे मोठं कारण असतं, आणि बर्फाळ पायरी तीन फुटांवरूनही मनगट मोडते. बंदूक हातात घेऊन चढायचं नाही. रिकामी, चेंबर उघडं, आधी व्हरांड्यावर आडवी ठेवायची, नळीचं तोंड स्वतःकडे नाही. मग वर चढायचं, आत बसायचं, आणि त्यानंतरच काडतूस. उतरताना हाच क्रम उलटा.

हंगाम संपल्यावर

जमीन पूर्ण गोठण्याआधी गाडी बाहेर काढा. चिखलात उभं राहिलेलं चाक जानेवारीत जमिनीशी एकजीव होतं आणि मार्चपर्यंत निघत नाही. काढणं जमणार नसेल तर निदान चारही चाकांखाली फळ्या सरकवून ठेवा. मळसूत्री आकडे मात्र थंडी पडायच्या आत उपसाच. कार्पेट, उशा, खाण्याचा कण न्‌ कण बाहेर काढा, उंदीर एका हिवाळ्यात फोम पोखरून काढतात. झरोक्यांना आतून बारीक जाळी लावली तर वसंतात गांधीलमाशांचं पोळं भेटत नाही. बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरा, टायरमधली हवा तपासा, पट्टे उन्हाने कडक झाले असतील तर पुढच्या वर्षासाठी नवे आणा, आणि शेतमालकाला विचारा की उन्हाळ्यात गाडी त्याच्या कुठल्या कामाच्या आड येणार नाही. तिथे उभी करा.